खंडेनवमीचं परिपत्रक

गिरिधर पोतनीसांना त्या शुक्रवारी जे मिळणार होतं, ते मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. एक खोली. खोलीला खिडकी. खिडकीबाहेर कडुनिंब. आणि दारावर पितळेची पाटी: 'विभागप्रमुख'.

धंतोलीतल्या त्या हॉस्पिटलात खिडकीवाली खोली म्हणजे काय, हे तिथे नोकरी केल्याशिवाय कळायचं नाही. पेशंट गडचिरोलीहून येतो, यवतमाळहून येतो, त्याच्यासोबत चार नातेवाईक येतात आणि नातेवाइकांसोबत सात डबे येतात. या सगळ्यांची सोय झाल्यावर जी जागा उरते ती जिन्याखाली, आणि गिरिधरराव एकोणीस वर्षं तिथेच बसत होते. संगणक विभाग म्हणजे ते, त्यांचं टेबल आणि डोक्यावरून जाणारे पाय. कोणता डॉक्टर वर गेला आणि कोणता न भेटताच खाली सटकला, हे ते नुसत्या चपलांच्या आवाजावरून सांगत. ही विद्या त्यांना नको होती. त्यांना खोली हवी होती.

सुमतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बर्डीवर जाऊन पडदाही आणून ठेवला होता. मोरपंखी. खिडकीचं माप न घेता आणला, कारण आधीच माप घेतलं की नजर लागते असं त्यांचं म्हणणं होतं.

खोली अडकली होती एका तारेला. तार काचेची, केसाएवढी बारीक, आणि तिच्यावर पिवळं आवरण. देशभरातली मेडिकल कॉलेजं आणि संशोधन संस्था ज्या वेगवान जाळ्याने जोडल्या आहेत, त्याचं एक टोक गेल्या पावसाळ्यात या हॉस्पिटलात येऊन पोचलं होतं. ते आणण्यासाठी जिवाचं रान केलं होतं डॉ. मुग्धा खोत यांनी. त्या रक्त तपासणाऱ्या डॉक्टर. विदर्भात सिकलसेल पुष्कळ. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि माणसाला दुखण्याने लोळवतात. अशा रक्ताची एक काच स्कॅन केली की तिची फाइल एवढी मोठी होते की साध्या इंटरनेटवर सकाळी पाठवायला घेतलेली दुपारच्या जेवणापर्यंत अर्धीच जाते. म्हणून मुग्धाबाई आजवर हार्डडिस्क टॉवेलात गुंडाळून, रेल्वेने जाणाऱ्या कुणा ओळखीच्या माणसाच्या मांडीवर ठेवून दिल्लीला पाठवत. नव्या तारेवरून तीच फाइल चार सेकंदांत जायची.

आता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, समिती येणार होती. तीन कॉलेजांतले विद्यार्थी आपापल्या जागी बसून नागपूरच्या सूक्ष्मदर्शकाखालची काच एकाच वेळी बघणार, प्रश्न विचारणार. सगळं सुरळीत झालं तर विदर्भाच्या सिकलसेल अभ्यासाचं केंद्र इथे. केंद्र आलं की वेगळा विभाग. विभाग आला की प्रमुख. आणि प्रमुखाला सर्व्हर रूमला लागून असलेली ती रिकामी खोली, असा शब्द ट्रस्टचे सचिव वामनराव यांनी दोन नर्सेससमक्ष दिला होता. "समिती खूश झाली की खोली तुझी, गिरिधर."

मंगळवारी, अष्टमीला, गिरिधररावांनी लाइन तपासली. अशी धावली की त्यांनी स्वतःच स्वतःची पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली. बुधवारी खंडेनवमी.

इथे पोतनीसांच्या घराण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या दफ्तरात होते, आणि कागदावर उतरल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडली असं मानायची त्या घरात पद्धत नाही. मागच्या नवमीला ॲम्ब्युलन्सला हार पडला, एक्स-रेच्या मशीनला पडला, लाँड्रीतल्या इस्त्रीलाही पडला. संगणक विभाग तेवढा कोरडा राहिला, आणि देवभोळ्या वामनरावांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं. यंदा खोलीचा प्रश्न होता. गिरिधररावांनी परिपत्रक काढलं:

'खंडेनवमीनिमित्त सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, संगणक विभागातील लहानमोठ्या प्रत्येक यंत्राची व साहित्याची यथासांग पूजा करण्यात यावी. एकही वस्तू वगळू नये. पूजा झाल्याची खूण यादीवर करावी.'

'एकही'खाली दोन रेघा. खाली सही, लांबलचक, शेपटीसकट.

सर्व संबंधित म्हणजे एक माणूस: ताराचंद हेडाऊ, सर्व्हर रूमचा अटेंडंट. तो उमरेडच्या विणकर घरातला. घरातला माग जाऊन तीस वर्षं झाली, पण ताराचंद अजून कापड दिसलं की आधी उलटं करून बघतो. तो परिपत्रक घेऊन जिन्याखाली आला.

"साहेब, हे पिवळी वायर बी याच्यात येते का जी?"

गिरिधरराव फोनवर समितीसाठी खुर्च्या मोजून घेत होते. "ताराचंद, वाचता येतं ना? एकही म्हणजे एकही."

"नाई, म्हटलं इचारून घ्यावं. ते नाजूक रायते."

"विचारू नकोस. कर."

ताराचंदने केलं. सर्व्हर रूमच्या दाराबाहेर चपला काढल्या, कारण मागाच्या खोलीतही कोणी चपला घालून जात नसे. कपाटांना झेंडूची माळ, बॅटऱ्यांना गंध, एसीला फूल, कीबोर्डवर अक्षता (त्या नंतर त्याने एकेक करून वेचल्या). मग तो तारेपाशी आला. त्यांच्या घरी माळ मागाला घालत, पण हळदकुंकू लावत धोट्याच्या टोकाला. धोटा म्हणजे आडवा धागा पोटात घेऊन इकडून तिकडे धावणारं लाकूड. धागा जिथून बाहेर पडतो ते तोंड पुजायचं, नाहीतर पूजा पोचत नाही, असं त्याचा बाप सांगे. ही तारही तशीच. हिच्या पोटातून उजेड धावतो. मग तो कुठून बाहेर पडतो?

लाइन जोडायला आलेल्या लोकांचं बघून बघून खटका कसा दाबायचा हे ताराचंदला माहीत होतं. त्याने तो दाबला, तार हलकेच बाहेर ओढली. दोन इवलीशी पांढरी तोंडं दिसली, बाळाच्या दुधाच्या दातांसारखी. बायकोने, सखूबाईने, करंड्यातून पुडीत बांधून दिलेली हळद त्याने दोन्ही तोंडांना लावली, त्यावर कुंकू लावलं, नमस्कार केला आणि तार परत बसवली. खट. हिरवा दिवा लुकलुकला. देव पावला होता.

यादीवर त्याने लिहिलं: '१४. पिवळी वायर. तोंड. झाली.'

ज्या काचेतून तो उजेड धावतो, तिची जाडी केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी. तिच्यापुढे कुंकवाचा एक कण म्हणजे रस्त्यात आडवा पडलेला ट्रक. पण ट्रकच्या फटीतूनही एखादी सायकल निघतेच. म्हणून दिवा हिरवाच राहिला, आणि गुरुवारी सगळ्या हॉस्पिटलने एकमेकांना सोनं दिलं.

शुक्रवारी सकाळी अकराला समितीने संत्रा बर्फीचा पहिला तुकडा तोंडात टाकला आणि सभागृहाच्या भिंतीवर तिन्ही कॉलेजं उगवली. उगवली म्हणजे, एका कॉलेजचे विद्यार्थी चौकोनी झाले, दुसऱ्याचे प्राध्यापक तोंड उघडं ठेवून तसेच थांबले, आणि तिसरीकडून आवाज आला, "नम... नम... नम..."

"नमस्कार," अध्यक्ष म्हणाले. ते बारीक अंगाचे, दोन चष्मे बाळगणारे गृहस्थ होते. "आम्हाला दुपारी साडेतीनचं विमान आहे. उद्या दुसऱ्या एका शहरात हीच पाहणी आहे. दोनपर्यंत थांबू शकतो."

मुग्धाबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली काच लावली. पलीकडे ती पोचली तेव्हा लाल-पांढरी गोधडी झाली होती.

गिरिधररावांच्या कपाळाला घाम आला, पण डोकं थंड होतं. त्यांनी कामाला सुरुवात केली, म्हणजे दोष वाटायला घेतला. पहिला वाटा सिमेंट रस्ते खोदणाऱ्यांना. दुसरा वाटा उंदरांना.

"साहेब, मी काय म्हनतो," ताराचंद दारातून म्हणाला, "तोंडाले कचरा लागला असन. मागावर बी असंच होते, धोटा धावते पन धागा..."

"ताराचंद, समितीला चहा."

चहा आला. तिसरा वाटा पलीकडच्या कॉलेजांना. गिरिधररावांनी तिघांनाही फोन करून त्यांची यंत्रं बंद करून चालू करायला लावली. एका कॉलेजने चुकून लिफ्ट बंद केली.

"साहेब, एकडाव तोंड पाहून घ्या ना."

"कोणाचं तोंड? माझं? चहा आण, ताराचंद."

चौथा वाटा त्यांनी दबक्या आवाजात मुग्धाबाईंना दिला. "मॅडम, तुमच्या काचाच फार बारकाईच्या आहेत. जरा मोठ्या पेशींचा पेशंट नाही का?"

"गिरिधरजी," मुग्धाबाई म्हणाल्या, "पेशंट मी मापाने मागवत नाही."

वामनराव पहिल्या रांगेत बसून पाय हलवत होते, आणि त्यांच्या जोड्यांची करकर गिरिधररावांना सगळ्यांत जास्त ऐकू येत होती. साडेबारा झाले. तिसऱ्यांदा चहा झाला. लाइन टाकणाऱ्या कंपनीची इंजिनियर प्रियदर्शनी निघाली होती, पण दीक्षाभूमीवर आलेली माणसं परतत होती, सगळे रस्ते वळवलेले, आणि तिची गाडी कुठेतरी अडकलेली. मधल्या वेळात गिरिधररावांनी तीन तक्रारअर्ज लिहिले आणि तिन्हींची स्थळप्रत फाइलला लावली.

पाऊण वाजता प्रियदर्शनी आली. पाठीवर बॅग, पायांत बूट, बूट धुळीने पांढरे.

"अर्धा रस्ता पायी आली मी. सर्व्हर रूम कुठं आहे?"

"चपला बाहेर, पोरी," ताराचंद म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं. "काका, एवढ्या वर्षांत हे मला पहिल्यांदा कोणीतरी सांगून राहिलं." बूट काढून ती आत गेली, तार ओढली, बॅगेतून टॉर्चसारखं यंत्र काढून तिचं तोंड त्यात धरलं आणि शीळ घातली. "बापरे. इथं तर डोंगर आहे."

बातमी सांगायला ती सभागृहात आली. अध्यक्षांनी घड्याळ बघायचं थांबवलं. "कसला डोंगर?"

"मळ आहे, सर. पुसते, पाच मिनिटांत होईल."

"कसला मळ?" ते खुर्चीतून उठले. ते स्वतः आयुष्यभर रक्त आणि गाठी तपासत आलेले. मळ म्हटल्यावर नाव विचारल्याशिवाय त्यांना सोडवेना. मुग्धाबाईंचंही तेच. त्यांनी सर्व्हर रूममध्ये जाऊन पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा तारेच्या तोंडावर दाबला, परत येऊन काचेवर चिकटवला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. तिकडे प्रियदर्शनीने तारेची तोंडं पुसली, मशीनमधली जागा पुसली, पुन्हा बघितलं, पुन्हा पुसली. आणि तार बसवली.

खट.

भिंतीवरची तिन्ही कॉलेजं एकदम जागी झाली. विद्यार्थ्यांना नाकं आली, प्राध्यापकांनी तोंड मिटलं, आणि एकोणीस वर्षं जिन्याखाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण नागपूरहून त्या लखलखीत लाइनवर पहिली जी गोष्ट गेली, ती सिकलसेलची काच नव्हती. ती होती मुग्धाबाईंनी नुकतीच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलेली काच.

इथल्या भिंतीवर आणि तिन्ही कॉलेजांच्या पडद्यांवर लालभडक खडक आणि त्यांच्यामध्ये पिवळे, लंबगोल, रेघारेघांचे दाणे.

"मॅडम," एका कॉलेजमधून एक मुलगी उत्साहाने म्हणाली, "हे रक्त नाही वाटत. पेशीला कडा नाही."

"बुरशी असेल का?" दुसरीकडून एक जण.

"नाही रे, ते पिवळे दाणे बघ ना. स्टार्चसारखे आहेत. पेशंट काही खाऊन आला होता का?"

"पेशंटचं वय काय, मॅडम?"

एकेकाचा शब्द संपायच्या आत दुसऱ्याचा कानावर पडत होता. जणू सगळे एकाच टेबलाभोवती बसलेत. अध्यक्षांनी दुसरा चष्मा लावला. आता ते बर्फीकडेही बघत नव्हते. "उत्तम! असंच हवं. चालू द्या. डॉक्टर, तुमचं निदान?"

मुग्धाबाईंनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा टेबलाखाली. हसू आवरायला टेबलाखाली बघावं लागतं. "पिवळे दाणे हळदीचे, सर. आणि लाल... लाल कुंकू आहे."

सभागृहाने माना पुढे काढल्या. लाइनवर तिन्ही कॉलेजांनीही काढल्या, तितक्याच स्पष्टपणे.

"नमुना कुठून आला?" अध्यक्षांनी विचारलं. "नमुन्यासोबत फॉर्म लागतो. फॉर्मशिवाय मी निदान नोंदवत नाही."

"हाय ना जी फॉर्म!" ताराचंद दारातून पुढे आला. यादी त्याच्या शर्टाच्या खिशात होतीच. बुधवारपासून साहेबांनी बघायला मागितली नव्हती. यादीला टाचणीने परिपत्रक लावलेलं. त्याने दोन्ही कागद वामनरावांच्या हातात दिले.

वामनरावांनी ते मोठ्याने वाचलं. माइक चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "...एकही वस्तू वगळू नये." मग यादी. "चौदा. पिवळी वायर. तोंड. झाली."

पलीकडून कोणीतरी टाळी वाजवली.

"ताराचंद!" गिरिधररावांचा आवाज चिरकला. "तारेच्या तोंडाला कचरा लावलास तू?"

"कचरा काहून लावीन जी?" ताराचंद खरोखरच दुखावला. "कुंकू लावलं. सकाळपासून सांगून राहिलो, तोंडाले कचरा लागला असन म्हणून. कुंकू कचरा असते, हे मले कसं मालूम होईन?"

"काका, तोंडालाच काहून लावलं?" प्रियदर्शनीने विचारलं.

"मंग कुठं लावता वं? धागा तिथूनच निघते ना."

प्रियदर्शनीने मान डोलावली. खरं म्हणजे ते बरोबर होतं.

वामनरावांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "ही सही कोणाची?" सही त्यांना ओळखू येत होती, शेपटीवरून सगळ्या धंतोलीला आली असती. पण विचारून त्यांनी एक दार किलकिलं ठेवलं होतं. शिपायाने अर्थाचा अनर्थ केला, असं म्हणायला वाव होता. ताराचंदची नोकरी दर वर्षी नव्याने मिळणारी. या वर्षी मिळाली नसती, एवढंच. गिरिधररावांनी ताराचंदकडे बघितलं. 'साहेबांनीच सांगितलं' हे वाक्य चार पावलांवर पडलेलं होतं आणि ताराचंद ते उचलत नव्हता. तो चहाचे रिकामे कप गोळा करत होता.

पोतनीसांच्या घरात खोटं बोलायची पद्धत होती, उशिरा यायची होती, दुसऱ्यावर ढकलायची तर पिढीजात होती. सही नाकारायची नव्हती.

"सही माझी आहे," गिरिधरराव म्हणाले. "त्याने विचारलं होतं. विचारू नको, असं मीच म्हणालो."

पावणेदोन वाजता समितीने केंद्र नागपूरला दिलं. तीन कॉलेजं एका काचेवर इतकी तावातावाने भांडली, त्यातलं एकही वाक्य अडकलं नाही, याहून मोठा पुरावा काय असतो, असं अध्यक्षांनी लिहिलं. निदान त्यांनी फॉर्मवर नोंदवलं. मग पेनाचं टोपण लावता लावता त्यांना एक आठवलं.

"एक अट. सर्व्हर रूमच्या आधी एक खोली हवी. आत शिरण्यापूर्वी पादत्राणं, धूळ, हार, फुलं सगळं तिथे थांबेल. खिडकी असेल तर कायमची बंद करा. आणि तिथे बसायला असा माणूस द्या, जो आलेल्या इंजिनियरला बूट काढायला लावेल."

सर्व्हर रूमला लागून खोली एकच होती.

महिनाभरात खिडकी बंद झाली. काच तेवढी राहिली, म्हणून आतून कडुनिंब दिसतो, पण ऐकू येत नाही. तिथे स्टुलावर ताराचंद बसतो. परवा वामनराव जोड्यांसकट आत निघाले, तर तो उठून उभा राहिला. "मालक, देव आत हाय." वामनराव मोज्यांवर गेले.

आता कोणाच्या पदरात काय पडलं ते बघू. मुग्धाबाईंना केंद्र मिळालं आणि रेल्वेने जाणाऱ्या ओळखीच्या माणसांच्या मांड्या मोकळ्या झाल्या. समितीला बर्फी मिळाली, नऊ कप चहा मिळाला, आणि विमानही मिळालं. प्रियदर्शनीला दारावर लावायला 'चपला बाहेर' हे वाक्य मिळालं, ते ती आता प्रत्येक कॉलेजात मोठ्या अक्षरात लावते. ताराचंदला खिडकीवाली खोली मिळाली आणि नोकरी पक्की झाली. त्याबदल्यात पुढच्या वर्षीच्या नवमीला त्याने कुंकू उंबऱ्याला लावलं, आणि पूजा पोचली की नाही याची त्याला अजून शंका आहे. ट्रस्टने शब्द पाळून गिरिधररावांना विभागप्रमुख केलं. पितळी पाटी जिन्याखाली लागली आहे, नेमकी तिथे, जिथे उभं राहताना डोकं आपटतं. मोरपंखी पडदा घरी स्वयंपाकघराच्या खिडकीला लावला. तो हातभर आखूड पडला, आणि रोज सकाळी चहाच्या वेळी गिरिधररावांना त्याच्याखालून समोरच्यांची टाकी दिसते.

चिमूटभर कुंकू सखूबाईच्या करंड्यातलं गेलं. बाकी सगळी किंमत गिरिधररावांनी भरली.